परीक्षा तारेची, शिक्षा यंत्रास

नेपानगरात १९५५ साली वृत्तपत्री कागद निघू लागला. परंतु कागदाचा एक गुण येथील मुलांसही कदाचित ठाऊक नसेल. कोरडा कागद विजेस अडवितो. म्हणूनच रोहित्रातील तारांच्या वेटोळ्यांवर तो गुंडाळून तेलात बुडवितात. ओलावला, की तोच कागद वीज झिरपू देतो. आम्ही कोकणी मुलखातले. ओल्या भिंतीचे भय आम्हांस लहानपणापासूनचे. तेव्हा तंत्रज्ञाने मेगर लावून घरातील तारांच्या आवरणाची परीक्षा घ्यावी, हे रास्तच होय.

२३० व्होल्टांच्या मांडणीस ५०० व्होल्टांचा एकदिश दाब लावतात. अवरोध निदान १ मेगओहम भरावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. आमची तक्रार निराळीच आहे. त्याच तारेवर संगणक वा दूरचित्रवाणी संच जोडलेला असतो, त्याची विचारपूस कोण करतो? त्याच्या पोटातील नाजूक चिपा जेमतेम ३ ते ५ व्होल्टांवर चालणाऱ्या! शिवाय कित्येक संचांत उसळता दाब जिरविणारा घटक असतो. चाचणीच्या दाबाने तोच वाहू लागला, तर आवरण धड असूनही मापन कमी येते. म्हणजे यंत्र गमावण्याची भीती, आणि वर निकालही खोटा.

यास्तव परीक्षा टाळावी, असे मात्र आम्ही म्हणत नाही. गृहस्थाने आधी सर्व संच उपसून ठेवावेत. जे काढता येत नाहीत, तेथे दोन्ही तारा एकत्र जोडून त्यांची भूमीशी परीक्षा घेण्यास तंत्रज्ञास सांगावे. नुसते बटण बंद करून भागत नाही; ते बहुधा एकच तार तोडते, दुसरी जोडलेलीच राहते.