तंगडी कुणाची, पंख कुणाचे?

आमच्या मोहोळ भागात घरी कोंबडी शिजली की तिच्या वाटणीचा एक कायदा असतो. तंगड्या पाहुण्याला नाहीतर कर्त्या पुरुषाला, छातीचे तुकडे पोरांना आणि मान, पंख व तळाचा रस्सा स्वयंपाक करणारीला. हा कायदा कुठल्या पोथीत लिहिलेला नाही. पण तो मोडणारे घर मी अजून पाहिलेले नाही.

म्हणूनच ओव्हनमध्ये भाजलेल्या पंखांची बाजू मला घ्यावीशी वाटते. 'ही अमेरिकेची थेरं!' असे म्हणून काही मित्र नाक मुरडतात. अमेरिकेतील बफेलो शहरात, अँकर बारमध्ये, टेरेसा बेलिसिमो या बाईंनी १९६४ साली पंख तळून तिखट सॉसमध्ये घोळवले, असे सांगतात. तोवर तिकडेही पंख म्हणजे सूपच्या भांड्यात टाकायची वस्तू होती. राहता राहिली थेरं. ज्या मिरचीवाचून आपले काळे तिखट होत नाही, तीही अमेरिका खंडातूनच आली आहे.

कृती सोपी आहे. दुकानदार कोंबडी सोलून देतो. पंख मात्र कातडीसकट मागावेत. सांध्यावर तोडून फडक्याने कोरडे पुसावेत, कारण ओले राहिले तर सारी आच पाणी आटवण्यातच जाते. मीठ, आले-लसूण, काळे तिखट, चमचाभर तेल आणि चमचाभर तांदळाचे पीठ चोळून तासभर ठेवावे. मग जाळीवर मांडून, खाली ताटली ठेवून, २०० अंशांवर पाऊण तास भाजावे. मध्ये एकदा उलटावे. कातडीतली चरबी वितळून खाली गळते आणि कातडी कुरकुरीत होते. ओव्हन नसेल तर जाड पातेले, आत जाळी आणि झाकणावर निखारे, एवढ्यावरही काम भागते.

या पाऊण तासात चुलीपुढे कुणाला बसावे लागत नाही. सोबतीला आपली सोलापुरी कडक भाकरी असली की तव्यापुढेही कुणी अडकत नाही. शिवाय कोंबडीला तंगड्या दोनच, म्हणून मानापमान. इथे सगळेच पंख. निवडायला काही उरतच नाही.

कुणी म्हणेल, ओव्हन आणल्याने का समता येते? नाहीच येत. पंखांचे ताटही आधी पुरुषांच्या पंगतीत जाऊ शकते. यंत्र फक्त वेळ मोकळा करते. वाटणी माणसांनीच करायची असते. समतेवरच्या प्रश्नाला आपण उत्तरपत्रिकेला पुरवण्या जोडतो आणि घरी आल्यावर हात धुऊन सरळ पाटावर बसतो, हे काही भूषणावह नाही.

तेव्हा मित्रहो, येत्या रविवारी हा पदार्थ मुलग्यांनी करावा. घरात माणसे किती ते मोजून तेवढी ताटे एकाच वेळी मांडावीत, प्रत्येकात सारखे पंख वाढावेत, आणि आई बसल्याशिवाय पहिला घास कुणी उचलू नये.