पॅडेलची काच आणि 'सर्टिफाइड' नावाचा दिलासा



दुबईत हल्ली संध्याकाळी कुणालाही फोन लावा, "पॅडेलला चाललोय" हेच उत्तर मिळतं. अस्मादिकही त्यातलेच. १९६९ साली मेक्सिकोत एनरिके कोरकुएरा नावाच्या गृहस्थांनी घरच्या अंगणात भिंती घालून सुरू केलेला हा खेळ आता आमच्या कॉलनीच्या दारात येऊन पोचलाय. आनंदच आहे. पण आज लिहितोय ते काचेबद्दल.

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या कोर्टाची मागची एक काच भर दुपारी आपोआप फुटली. बॉल नाही, रॅकेट नाही, जवळपास माणूसही नाही. तीन तासांनी तिथेच मुलांचा क्लास होता आणि त्यात माझी लेक. ठेकेदाराने ईएन १२१५० चं सर्टिफिकेट पाठवलं आणि तशीच दुसरी काच बसवून द्यायची तयारी दाखवली. कमिटीत बहुतेकांचं म्हणणं, "सर्टिफाइड आहे ना? मग झालं तर!"

मी ते सर्टिफिकेट आणि त्यामागच्या चाचण्या वाचत बसलो. कागद खोटा नव्हता. पण आपण त्याला जे विचारतोय, त्याचं उत्तर त्यात नाही, असं माझं स्पष्ट मत झालं.

ईएन १२१५० हे युरोपचं टफन्ड काचेचं मानक. त्यातली मुख्य चाचणी अशी: ३६० बाय ११०० मिलिमीटरचा नमुना टोकदार हत्याराने फोडायचा आणि ५० मिलिमीटरच्या चौकोनात किती तुकडे पडले ते मोजायचे. १० किंवा १२ मिलिमीटर जाडीच्या साध्या फ्लोट काचेचे किमान ४० पडले पाहिजेत. म्हणजे काच फुटलीच तर सुरे होऊ नयेत, खडीसाखरेसारखे खडे व्हावेत. दुसरं मानक ईएन १२६००. त्यात ५० किलोचा जोड-टायरांचा लंबक काचेवर आदळवतात, सर्वांत कडक परीक्षेत १२०० मिलिमीटर उंचीवरून.

उत्तम चाचण्या आहेत. पण पहिल्या चाचणीतल्या नमुन्याला एकही भोक नसतं, आणि दुसऱ्या चाचणीत काच चारही कडांनी चौकटीत धरलेली असते. आता आपल्या कोर्टावर या. तीन मीटर उंच, दोन मीटर रुंद, १२ मिलिमीटर जाड काच, वजन १८० किलो, आणि ती धरलेली आहे भोकांतून घातलेल्या बोल्टांनी! मध्ये नायलॉनचं बुश नसेल किंवा बोल्ट जास्त आवळला असेल, तर भोकाच्या काठावर ताण येतो. त्यात आमचं ऊन. तापमान ४० अंशांनी बदललं तर तीन मीटरमध्ये लोखंड आणि काच यांच्या प्रसरणात साधारण एक तृतीयांश मिलिमीटरचा फरक पडतो. ऐकायला किरकोळ वाटतो, पण काचेला सरकायला जागाच नसेल तर किरकोळ राहत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर युनिट टेस्ट पास, इंटिग्रेशन टेस्ट झालीच नाही.

आपोआप फुटण्याचं आणखी एक कारण निकेल सल्फाइडचे बारीक कण. काच टफन केल्यावर ते हळूहळू फुगतात आणि कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी काच फोडतात. त्यावर उपाय म्हणजे हीट सोक. काच भट्टीत पुन्हा तापवून ठेवायची. बहुतेक खराब काचा तिथेच फुटतात. त्याचं मानक वेगळं, ईएन १४१७९. आमच्या फाइलमध्ये त्याचा पत्ताच नव्हता.

आणि मुळात तो कागद आपल्याच काचेचा हे कशावरून? आंब्याच्या पेटीवर देवगड लिहिलंय म्हणून आतला आंबा देवगडचा असतोच असं नाही, हे इथल्या बाजारात आपण सगळे शिकलोय. ईएन १२१५० नुसार प्रत्येक काचेवर मानकाचा क्रमांक आणि उत्पादकाचं नाव किंवा चिन्ह कायमचं उमटवलेलं असावं लागतं. मी टॉर्च घेऊन बघितलं. आमच्या अठरा काचांपैकी अकरांवर शिक्का सापडला. उरलेल्या सात कुठल्या, ते ठेकेदारालाही सांगता आलं नाही.

काही जण म्हणतात, फुटली तरी खडेच होतात, एवढा बाऊ कशाला? खडे होतात हे खरंच, पण पुष्कळदा ते एकमेकांना चिकटून ढेकळासारखे पडतात. तीन मीटरवरून डोक्यात ढेकूळ पडणं ही काही गंमत नाही. खर्चाचा मुद्दाही मान्य. म्हणून सगळं कोर्ट उखडा असं मी म्हणत नाही. कमिटीकडे तीनच गोष्टी मागितल्या: बिनशिक्क्याच्या काचा बदला, नव्या सगळ्या काचा हीट सोक केलेल्या घ्या आणि त्या भट्टीची नोंद मागा, आणि प्रत्येक बोल्ट, बुश, रबर तपासून कुणीतरी जबाबदार इंजिनिअरने सही करावी. तिसरी मागणी सर्वांत स्वस्त, आणि विरोध तिलाच सर्वांत जास्त झाला. सही म्हटलं की सगळे पंचांग बघायला लागतात!

कोर्ट पाच आठवडे बंद राहिलं. दोन जुने पार्टनर अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. असो.

हे इथे लिहायचं कारण, पुण्यात माझा चुलतभाऊ दोघा मित्रांबरोबर कोर्ट टाकतोय, आणि तुमच्यापैकीही काहींचे पैसे गावाकडच्या अशा कोर्टांत असतील. भारतात सेफ्टी ग्लाससाठी आयएस २५५३ (भाग १) आहे. त्याला मी एवढंच सांगितलं, "सर्टिफिकेट बघच, पण काचेवरचा शिक्का आणि बोल्टाखालचं बुश आधी बघ."

माझी डिग्री काचेतली नाही. जाणकारांनी चूक दाखवली तर आनंदच आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

आपला,
एक दुबईकर