दप्तराचा काटा आणि शाळेचे कपाट

२१ जुलै २०१५ रोजी महाराष्ट्र शासनाने असा निर्णय काढला की, विद्यार्थ्याच्या दप्तराचे वजन त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असता कामा नये. मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिकेचा रेटा मागे होता, म्हणून हा निर्णय निघाला. त्यानंतर वर्षभराने, ऑगस्ट २०१६ मध्ये, चंद्रपूरच्या सातवीतील दोन मुलांनी पत्रकार परिषद भरविली. पाच ते सात किलोंचे दप्तर घेऊन रोज तिसऱ्या मजल्यावर चढावे लागते आणि शाळेला सांगून उपयोग होत नाही, एवढेच त्यांचे गाऱ्हाणे होते. निर्णय मुंबईत झाला आणि ओझे चंद्रपूरच्या जिन्यावर जसेच्या तसे राहिले. बारा वर्षांच्या मुलांना आपल्या पाठीसाठी वार्ताहरांपुढे बसावे लागते, याची लाज ज्यांना वाटायला हवी होती त्यांनी पुढे आणखी परिपत्रके काढली.

२०२० साली केंद्राचे दप्तर धोरण आले. पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो, सहावी-सातवीसाठी २ ते ३ किलो, नववी-दहावीसाठी २.५ ते ४.५ किलो, असा सगळा तपशील त्यात आहे. हिशेब अर्थातच त्याच दहा टक्क्यांचा आहे. परंतु या टक्केवारीचा अर्थ कोणी उलगडून पाहिला आहे काय? ज्या घरी दोन वेळच्या भाकरीची भ्रांत, त्या घरातील मूल वजनाने कमी भरते; म्हणजे नियमानुसार त्याने पुस्तकेही कमीच आणावयाची! कुपोषणाला ज्ञानाच्या मापात बसविणारी अशी टक्केवारी आपल्या नोकरशाहीखेरीज कोणाला सुचली असती?

खरा प्रश्न वजनाचा नसून ओझे कोणी वाहावे हा आहे. आपल्याकडील बहुतेक शाळांत तासागणिक मुले वर्ग बदलीत नाहीत, शिक्षक बदलतात. मूल सकाळपासून एकाच बाकावर असते. अमेरिकेतील शाळांत मुले वर्गावर्गांतून हिंडतात, आणि तेथील अनेक शाळा दप्तर वर्गात नेण्यास मनाई करतात. पण निदान ते ठेवावयास कपाट तरी देतात. आपल्या मुलाचा वर्ग ठरलेला, बाक ठरलेला, वर्षभराची पुस्तके ठरलेली. तरी ती पुस्तके रोज घरून शाळेत आणि शाळेतून घरी प्रवास करतात. का? तर शाळेत त्यांना जागा नाही म्हणून. गोदामाचा खर्च वाचविण्यासाठी एखाद्या व्यापाऱ्याने आपला माल हमालाच्या पाठीवरच ठेवून द्यावा, तसा हा प्रकार आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर संस्थेने स्वतःचा खर्च दुसऱ्याच्या माथी मारला आहे. आणि तो ज्याच्या माथी मारला, त्याला सौदा करण्याची ताकद नाही.

हमालांना ती ताकद संघटनेने दिली. बाबा आढावांची हमाल पंचायत पोत्याच्या वजनासाठी झगडली; १९६९ चा माथाडी कायदा कष्टकऱ्यांनी लढून मिळविला. शाळकरी मुलाची पंचायत नाही. दप्तर जड म्हणून तो संप करू शकत नाही, आणि वही विसरला तर मात्र त्याला वर्गाबाहेर उभे राहावे लागते. म्हणून तो शहाणपणाने सगळेच बरोबर नेतो.

या दुखण्यावरचा उपाय नवा नाही. आर. के. नारायण यांनी राज्यसभेत दप्तराच्या ओझ्याविषयी भाषण केले, त्याचे पडसाद उमटले, आणि प्राध्यापक यशपाल यांची समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९९३ सालचा. न समजलेल्या अभ्यासाचे ओझे हे पाठीवरच्या ओझ्याहून घातक आहे, हा त्याचा निष्कर्ष भाषणांतून पुष्कळदा ऐकू येतो. त्याच अहवालातील दुसरी शिफारस मात्र कोणी उच्चारीत नाही. पाठ्यपुस्तके ही शाळेची मालमत्ता मानावी, म्हणजे मुलांनी ती विकत घ्यावयास नकोत आणि रोज वाहावयासही नकोत, असे समितीने स्पष्ट म्हटले होते. पुस्तक सामाजिक मालकीचे झाले की दप्तर आपोआप हलके होते! ही शिफारस बाजूला का पडली, हे सांगावयास ज्योतिषी नको. गाईड, कार्यपुस्तिका आणि शाळेच्याच दुकानातून घ्यावयाच्या वह्या यांवर ज्यांचे पोट आहे, त्यांना एका मुलाने एक संच विकत घेणेच सोयीचे आहे.

महाराष्ट्राने एक बरा प्रयोग केला होता, हेही नमूद केले पाहिजे. २०२३-२४ पासून बालभारतीची पुस्तके चार भागांत आली आणि त्यांत लिहिण्यासाठी कोरी पाने घातली गेली. सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तक मोफत मिळते, वही मात्र विकत घ्यावी लागते. तेव्हा त्या कोऱ्या पानांत गरीब पालकाचे चार पैसे वाचत होते. परंतु मुले तरीही वेगळ्या वह्या आणतात, या कारणास्तव जानेवारी २०२५ मध्ये कोरी पाने रद्द झाली. वह्या कोण आणावयास लावतो, याची चौकशी न करता पानेच फाडली गेली.

आता पैठणकडे पाहावे. गावाशेजारी शंभर टीएमसीहून अधिक साठवणक्षमतेचा नाथसागर पसरला आहे. १९६५ साली लाल बहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. त्यासाठी याच पट्ट्यातील गावे उठली. आज छत्रपती संभाजीनगर ते पाणी पिते. आणि या परिसरातील मूल शाळेत जाताना पाण्याची बाटली पाठीवर घेते! एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पहिलीच्या मुलाच्या परवानगीतील निम्मे वजन तेथेच संपले. शिक्षण हक्क कायद्याने शाळेत पिण्याचे पाणी सक्तीचे केले, त्याला दीड दशक उलटले. नळाला भरवशाचे पाणी येईल त्या दिवशी बाटली घरी राहील. त्यासाठी निराळे दप्तर धोरण लागणार नाही. तहानेल्या गाढवाला नाथांनी रामेश्वराच्या कावडीतील गंगा पाजली, ही कथा या गावाला कोणी शिकविण्याची गरज नाही. नाथांनी त्या गाढवाचे वजन आधी केले नव्हते.

आणि अंतराचे काय? पाठीवरचे कष्ट केवळ किलोंत मोजता येत नाहीत. किती किलो आणि किती किलोमीटर, असा तो गुणाकार आहे. पाचवीपर्यंतची शाळा एका किलोमीटरच्या आत असावी, असे कायद्याचे सूत्र आहे. त्याच राज्यात २०२३ पासून वीसहून कमी पटाच्या शाळा मिटवून समूहशाळा काढण्याचा घाट घातला गेला. वाडीवरची शाळा बंद करावयाची आणि दूरच्या शाळेच्या दारात काटा ठेवून दप्तर तोलावयाचे, हा ढोंगीपणा आहे. सरकारी हिशेबात शाळेमागे वाचलेले रुपये दिसतात, मुलाने चाललेली वाट दिसत नाही.

कपाटांना पैसा कोठून आणावा, असे विचारले जाते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्चा, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. ते लक्ष्य १९८६ पर्यंत गाठावयाचे होते आणि अद्यापही गाठलेले नाही. कपाट एकदा घेतले की पिढ्या टिकते. पालकांची हौस जड दप्तराला कारणीभूत आहे, हा दुसरा युक्तिवाद थोडासा खरा आहे. पण वेळापत्रक पालक करीत नाहीत, आणि वही विसरल्याबद्दलची शिक्षाही ते देत नाहीत.

कार्यकर्त्यांच्या हाती एक साधन आहे, ते गंजत ठेवू नये. शिक्षण हक्क कायद्यान्वये शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत, आणि शाळेचा विकास आराखडा करणे हे त्या समितीचे काम आहे. पैठण तालुक्यातील प्रत्येक समितीच्या पुढल्या बैठकीत तीन ठराव मांडता येतील : वर्गात पुस्तकांचे कपाट, वर्गासाठी शाळेच्या मालकीचा पुस्तकांचा एक संच, आणि वाहते पाणी. ठराव इतिवृत्तात लिहून घ्यावा आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून पोच घेऊन द्यावी.