दोष वादळाच्या माथी मारू नका!

छत्रपती संभाजीनगरच्या नागरिक बंधुभगिनींनो,

वैशाखाच्या अखेरीस वळीव कोसळतो, सोसाट्याचा वारा सुटतो, कोठे रोहित्राचा खांब कलतो, कोठे डीपीतून ठिणग्या उडतात, आणि दुसऱ्या दिवशी वीजवितरणाच्या दप्तरातून 'नैसर्गिक आपत्ती' असा ठरीव खुलासा बाहेर पडतो. जी आपत्ती दरसाल आपल्या ठरल्या ऋतूत येते, तिला आकस्मिक म्हणावयाचे ते कोणत्या न्यायाने?

आपल्या परिसरातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगते, हे ज्या शेतकऱ्यास ठाऊक आहे त्याच्याहून रोहित्र उभारणारा अडाणी असावा, हे संभवत नाही. म्हणूनच घट्ट मुरूम लागेपर्यंत खड्डा खणणे, बुडाशी काँक्रीट भरणे, खांबांस ताण देणे आणि रोहित्र चॅनेलला नटबोल्टांनी जखडणे ही मेहेरबानी नसून प्राथमिक कर्तव्य आहे.

वाऱ्याहून ओल अधिक कपटी. रोहित्रात हवा आत घेणाऱ्या ब्रीदरमधील निळे सिलिका जेल गुलाबी पडले, की आत शिरणाऱ्या हवेतील दमटपणा अडविणारे कोणी उरत नाही. तो तेलात मुरतो, तेलाची विद्युत्‌रोधक शक्ती क्षीण होते आणि एके रात्री वेटोळी जळतात. दोष मात्र त्या रात्रीच्या पावसाच्या नावे नोंदला जातो! रोहित्राच्या बाह्यांगास जमिनीशी दोन स्वतंत्र जोडण्या असाव्यात, असा नियम आहे. पण डीपीचे दार तारेने बांधलेले आणि आत फ्यूजच्या जागी जाडजूड तांब्याची तार पिळलेली दिसते, तेथे जमिनीखालील अर्थिंगचा भरवसा कोणी द्यावा?

डीपीस टेकून हातगाडी लावणारे व डीपीच्या बुडाशी कचरा टाकणारे आपणच आहोत, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु त्याने कलता खांब सरळ होत नाही.

विद्युत अधिनियम, २००३ यातील कलम ५३ सुरक्षिततेच्या तजविजीसाठी आहे आणि कलम १६१ अपघाताच्या चौकशीसाठी. आम्हांस चौकशीपूर्वी तजवीज हवी. यास्तव मागणी अशी :

१. मृग लागण्यापूर्वी प्रत्येक रोहित्राचा पाया, तेल, ब्रीदर, तडितरोधक व अर्थिंग यांची तपासणी व्हावी.
२. तपासणीची तारीख व तपासनिसाचा हुद्दा डीपीवरच रंगवावा.
३. उघड्या डीपींना कुलूपबंद दारे तात्काळ बसवावीत.

आपल्या गल्लीतील डीपी दुरूनच न्याहाळा, दोष लिहून काढा, लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्यावाचून परतू नका. कारण पोच हाती असली, म्हणजे 'आम्हांस कल्पना नव्हती' हा बचाव कोणासही करता येणार नाही.

— शहरातील वीजग्राहक