पाटीवर नाव कोणाचे?

कोरियाचे चुन क्वांग यंग जुन्या पुस्तकांच्या पानांत छोटे त्रिकोणी ठोकळे गुंडाळतात, दोऱ्याने बांधतात आणि असे असंख्य ठोकळे जोडून भिंतभर काम उभे करतात. ती पाने तुतीच्या सालीपासून बनवलेल्या हांजी कागदाची. पार्क सो-बो (१९३१–२०२३) यांनी १९८०च्या दशकापासून हाच कागद ओला असतानाच रेटून, सरकवून आपली ‘एक्रित्यूर’ मालिका पुढे नेली. जपानचे युकेन तेरुया तर दुकानातल्या कागदी पिशवीतून अख्खे झाड कापून काढतात. २०२२ मध्ये सोलला फ्रीझ आणि २०२३ मध्ये योकोहामाला टोकियो गेंदाई हे कलामेळे सुरू झाले. कागदाचे म्हणून या कलावंतांचे काम हस्तकलेच्या रांगेत कोणी बसवत नाही.

कागदाचा लगदा जव्हार-मोखाड्यातही भिजतो.

उन्हाळ्यात इथल्या गावांत बोहाडा होतो. कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवलेली देव-दानवांची सोंगे संबळाच्या ठेक्यावर रात्र जागवतात. जव्हारचे धर्मा कडू हे या मुखवट्यांचे नामांकित कारागीर. २०१५ च्या सुमारास छायाचित्रकार गौरी गिल यांनी त्यांचे पुत्र सुभाष आणि भगवान यांच्याकडे वेगळीच मागणी केली: देव नकोत, आजचे जगणे हवे. कोकणा-वारली कुटुंबांनी माणसे, प्राणी, रोजच्या वस्तू यांचे मुखवटे केले; ते चढवून गावकरी स्वतःच्या घरादारांत कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स’ ही मालिका २०१७ मध्ये डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात आणि २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा पीएस-१ या कलासंस्थेत लागली. गिल कडू बंधूंचे नाव आवर्जून घेतात, हे नमूद करायलाच हवे.

जपानला या पट्ट्याची ओळख त्याआधीची. निगाता प्रांतातल्या तोकामाचीत तोकियो हासेगावा यांनी १९८२ मध्ये मिथिला म्युझियम उघडले. तिथे राहून वारली चित्रकारांनीही मोठी चित्रे केली. आपल्याकडे मात्र बोहाड्याचा मुखवटा बहुधा हस्तकलेच्या स्टॉलवर, टोपल्यांच्या शेजारी टांगलेला दिसतो. किमतीची चिठ्ठी असते, करणाऱ्याचे नाव नसते. नावाशिवाय संग्राहक येत नाही, भाव चढत नाही आणि पुढची पिढी लगद्यात हात घालत नाही. नाव न लिहिण्याला ‘लोककला सामूहिक असते’ हे कारण तर फार सोयीचे आहे.

महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून आर्ट मुंबई भरते. तिथे बूथ घेणाऱ्या गॅलरीचालकांनी एकदा जव्हारला जावे, मुखवटे थेट करणाऱ्याकडून रास्त दराने घ्यावेत आणि पाटीवर त्याचे नाव, गाव, साल नि माध्यम लिहावे.