सरोवरावरील हंगाम कधी आवरावा

थंड हवामानाच्या प्रदेशांत शिडाची नौका बाळगणाऱ्यांपुढे सप्टेंबर सरता सरता दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे नौका पाण्याबाहेर नेमकी कधी काढावी. व्यवहारात या प्रश्नाचे उत्तर यार्डातील क्रेनची तारीख, बंदराशी केलेल्या कराराची मुदत आणि येत्या रविवारचा हवामान-अंदाज या तीन गोष्टींवरून दिले जाते, आणि त्यांतील एकाही गोष्टीचा नौकेवरील माणसांच्या जिवाशी थेट संबंध नसतो. प्रस्तुत मासिकाचे ठाम मत असे आहे की, हंगामाची अखेर हवेवरून न ठरविता पाण्यावरून ठरवावी, नौकेवर येणाऱ्या सर्वांत कमी अनुभवी माणसाची कुवत हा तिचा दुसरा निकष असावा, आणि हा निर्णय ऑगस्टमध्ये, म्हणजे मोह पडण्याच्या आत, घेऊन ठेवावा. विवेचनासाठी येथे मिशिगन सरोवराचे, त्यातही शिकागोच्या किनाऱ्याचे, उदाहरण घेतले आहे. तेथील खाजगी नौकांचा ताफा मोठा आहे, हंगाम साधारणपणे मे ते ऑक्टोबर असा आखलेला आहे, आणि त्या महानगरात स्थायिक झालेल्या मराठी भाषकांपैकी ज्यांना या पाण्याची ओढ लागली, त्यांच्यासाठी हा प्रश्न दूरदेशीचा राहिलेला नाही.

हवा आणि पाणी यांच्या तापमानांचे चक्र एकाच वेळी फिरत नाही, ही या विषयातील मूळ गोष्ट आहे. मिशिगनसारखे सुमारे ४९० किलोमीटर लांबीचे खोल सरोवर उन्हाळ्याची उष्णता सावकाश साठविते आणि तितक्याच सावकाश सोडते. त्यामुळे ऑक्टोबरमधील पाणी मे महिन्यातील पाण्यापेक्षा बहुधा उबदार असते. अनुभवी नौकाचालक नेमका याच वस्तुस्थितीचा आधार घेऊन असा युक्तिवाद करतात की, मे महिन्यात आठ-नऊ अंश सेल्सिअसच्या पाण्यावर नौका नेण्यास कोणाची हरकत नसते, तर ऑक्टोबरअखेरीच्या बारा-तेरा अंशांच्या पाण्याची धास्ती का बाळगावी. हा युक्तिवाद पोरकट नाही आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही.

वसंतात थंड पाण्यावर उबदार हवा येते, तेव्हा पृष्ठभागालगतचा हवेचा थर जड आणि स्थिर राहतो, आणि वरच्या थरातील वेगवान वारा सहसा खाली उतरत नाही. शरदात याच्या उलट घडते: उत्तरेकडून आलेली थंड हवा उबदार पाण्यावरून वाहू लागते, खालून तापते, वर उठते, आणि तिच्या जागी वरचा वेगवान वारा झोतांच्या रूपाने पाण्यापर्यंत पोहोचतो. म्हणूनच सरासरी वेग तोच असतानाही शरदातील वारा अधिक झोतदार असतो. शिवाय ५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी घन असते, आणि शिडावरील दाब त्याच प्रमाणात वाढतो. हा फरक लहान वाटला, तरी दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने १५ नॉटचा वारा झोतात २० नॉट झाला की शिडावरचा भार जवळजवळ पावणेदोन पट होतो, आणि घनतेची भर त्यावर पडते. जुलैमध्ये ज्या वाऱ्याला पूर्ण शीड चालले, त्याच आकड्याच्या वाऱ्याला ऑक्टोबरमध्ये रीफ घ्यावा लागतो, म्हणजे शिडाचा खालचा भाग बांधून क्षेत्रफळ कमी करावे लागते. आणि तो घेणारे हात त्या वेळी गारठलेले असतात.

पाण्याचे सरासरी तापमान हेही पूर्ण विश्वासाचे नसते. पृथ्वीच्या परिवलनामुळे वाऱ्याने ढकललेला पाण्याचा वरचा थर उत्तर गोलार्धात वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे सरकतो. त्यामुळे दक्षिणेकडून सलग वारा वाहिला की मिशिगनच्या पश्चिम किनाऱ्यावरील उबदार पाणी आत लोटले जाते आणि तळाजवळचे थंड पाणी त्याची जागा घेते. किनाऱ्यालगतचे तापमान अशा वेळी एका रात्रीत कित्येक अंशांनी खाली येऊ शकते. दक्षिणेचा वारा शिकागोकरांना ऊब आणणारा म्हणून प्रिय असल्याने या घटनेकडे दुर्लक्ष होणे अधिकच सोपे असते. मागच्या आठवड्याचे तापमान गृहीत धरून निघणे म्हणूनच चुकीचे आहे, आणि खोल पाण्यातील हवामान-बोयी, म्हणजे वारा, लाटा आणि तापमान नोंदविणारी तरंगती यंत्रे, बर्फ धरण्यापूर्वी काढून घेतली जातात, तेव्हा ताजी नोंद मिळण्याचा तो मार्गही बंद होतो.

या सर्वांपेक्षा महत्त्वाचा भाग मानवी शरीराचा आहे, आणि याविषयी नौकाचालकांमध्ये अजूनही मोठा गैरसमज आढळतो. थंड पाण्यात पडलेला माणूस हायपोथर्मियाने, म्हणजे शरीराच्या गाभ्याचे तापमान ३५ अंशांच्या खाली घसरल्याने मरतो, असे सर्रास मानले जाते. परंतु पोर्ट्‌समथ विद्यापीठातील मायकेल टिप्टन यांच्या संशोधनाने शीतधक्का या अवस्थेकडे लक्ष वेधले. त्वचा अकस्मात थंड झाल्याबरोबर माणूस अनैच्छिकपणे मोठा श्वास ओढतो, श्वसनाची गती अनावर होते, हृदयावर एकाएकी ताण येतो. आणि तोंड पाण्याखाली असताना तो पहिला श्वास घेतला गेला, तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. निर्णयाच्या दृष्टीने कळीची गोष्ट अशी की, हा धक्का १० ते १५ अंशांच्या पाण्यातच आपल्या शिखराला पोहोचतो. याचा अर्थ ऑक्टोबरचे तेरा अंशांचे पाणी मे महिन्यातील पाण्यापेक्षा उबदार असले, तरी पहिल्या मिनिटापुरते ते अधिक सुरक्षित नसते. तापमापकावरचा फरक खरा असतो, पण त्याचा लाभ मिळण्यासाठी माणूस आधी ते मिनिट पार करून जगलेला असावा लागतो.

मॅनिटोबा विद्यापीठातील गॉर्डन गिस्ब्रेक्ट यांनी हाच क्रम एक-दहा-एक या सूत्रात बसविला आहे: श्वास ताब्यात आणण्यासाठी एक मिनिट, हातापायांनी काही उपयुक्त हालचाल करता येईल अशी सुमारे दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपेपर्यंत सुमारे एक तास. या सूत्रातील मधली दहा मिनिटे नौकाचालकाने आपल्या नौकेवर प्रत्यक्ष मोजून पाहण्याजोगी आहेत. माणूस पडल्याची हाक, नौका वळविणे, शिडे सैल सोडणे, जवळ येणे, दोर फेकणे आणि भिजलेल्या जड कपड्यांतील माणसाला डेकवर ओढून घेणे, एवढे सगळे दहा मिनिटांत करावयाचे असते, कारण त्यानंतर पाण्यातील माणसाची बोटे दोर पकडू शकत नाहीत. उन्हाळ्यात पाच-सहा जणांनी चालविलेली नौका शरदात बहुधा दोघांवर येते, शाळा सुरू झालेल्या असतात, मित्रमंडळी पांगलेली असतात. आणि दोघांपैकी एक पाण्यात गेला की नौकेवर उरलेल्या एकट्यालाच सुकाणू, शीड आणि बचाव ही तिन्ही कामे करावी लागतात. बाहेर काढताना माणसाला शक्यतो आडवे ठेवावे, कारण उभे उचलल्यास शरीराभोवतीचा पाण्याचा दाब एकाएकी नाहीसा होऊन रक्तदाब कोसळू शकतो. ही सूचनाही एकट्या माणसाला पाळता येणे कठीणच आहे. न्यूयॉर्क राज्याने १ नोव्हेंबर ते १ मे या काळात २१ फुटांहून लहान नौकांवर प्रत्येकाने लाइफ जॅकेट अंगावर घातलेलेच असले पाहिजे, असा कायदा केला आहे, तो याच शारीरिक वास्तवाच्या आधारावर.

हंगामाला अखेरची तारीख असावी, हा विचार नवा नाही. रोमन लेखक व्हेजेटियसने आपल्या युद्धशास्त्रावरील ग्रंथात भूमध्य समुद्रावरील प्रवास २७ मे ते १४ सप्टेंबर निर्धोक, त्यानंतर ११ नोव्हेंबरपर्यंत संशयास्पद, आणि ११ नोव्हेंबर ते १० मार्च बंद, असे वर्गीकरण नोंदवून ठेवले आहे. उत्तर युरोपातील हान्झा व्यापारी संघाच्या नियमांतही हिवाळी प्रवासबंदी नोव्हेंबरातील संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे त्याच ११ तारखेपासून, सुरू होत असे. उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांवर ७ ते १० नोव्हेंबर १९१३ या काळात आलेल्या वादळाने १२ जहाजे बुडविली आणि अडीचशेहून अधिक खलाशांचा बळी घेतला, तर १० नोव्हेंबर १९७५ रोजी सुपीरियर सरोवरात ‘एडमंड फिट्झजेरल्ड’ हे मालवाहू जहाज २९ जणांसह बुडाले. निरनिराळ्या पाण्यांवरच्या या तारखा इतक्या जवळ याव्यात, यात योगायोगाचा भाग आहेच. तरी महासरोवरांपुरते कारण स्पष्ट आहे. उंचावरील वेगवान वाऱ्यांचा पट्टा त्या सुमारास दक्षिणेकडे सरकलेला असतो, आणि अजून न निवलेले पाणी येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांना उष्णता व बाष्प पुरवून अधिक खोल करते. व्हेजेटियसच्या वर्गीकरणात ‘संशयास्पद’ असा मधला कालखंड आहे, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. आजच्या शौकीन नौकाचालकाचे सारे धोके त्याच कालखंडात राहतात, कारण बंद काळात तो तसाही घरी असतो.

कोकण किनाऱ्याशी तुलना केली, तर थंड प्रदेशातील अडचण अधिक नीट कळते. तेथे हंगामाची अखेर सर्वांसाठी एकाच वेळी येते: यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै अशी सरकारी बंदी असते, नैर्ऋत्य मोसमी वारा कोणाच्याही मताची वाट न पाहता दर्या उधाणून टाकतो, होड्या वर ओढून शाकारल्या जातात, आणि नारळी पौर्णिमेच्या पूजेनंतर कोळीवाडे पुन्हा पाण्यावर जातात. निर्णय समाजाचा असल्यामुळे त्याचे ओझे एकट्या तांडेलावर पडत नाही. सरोवरावर मात्र उतार इतका सौम्य असतो की, प्रत्येक शनिवार मागच्या शनिवारपेक्षा किंचितच वाईट असतो, मधूनच एखादा लख्ख, ऊनभरला दिवस येतो, आणि ‘अजून एक फेरी’ हे म्हणणे दर वेळी रास्तच वाटते. ज्या क्रमातील कोणताही एक दिवस थांबण्यासाठी पुरेसे कारण देत नाही, त्या क्रमात थांबण्याचा दिवस आधीच ठरवावा लागतो.

यार्डाच्या मुदतीचा सापळा याहून वाईट आहे. शिकागोतील अनेक नौका शरदात सरोवरावरील बंदरांतून निघून जलपाशातून नदीत शिरतात, उभ्या डोलकाठीसह जाता यावे म्हणून ठराविक दिवशी नदीवरचे पूल उचलले जातात, आणि त्या वेळापत्रकाला गाठण्यासाठी नौकाचालक कोणत्याही हवेत निघतात. उत्तरेचा वारा असल्यास लाटा सरोवराची सगळी लांबी धावून याच दक्षिण टोकावर येऊन फुटतात, त्या आखूड आणि उभ्या असतात, आणि बंदराच्या भिंतींवरून परत फिरून आणखी गोंधळ करतात. वर्षभरात ज्या दिवशी एरवी कोणी नांगर उचलला नसता, त्या दिवशी हंगामातील अखेरचा प्रवास केला जातो, तोही केवळ आरक्षण हुकेल या भीतीने. यावरचा उपाय साधा असला तरी त्याला पैसे पडतात: क्रेनची तारीख स्वतःच्या ठरविलेल्या अखेरीनंतर किमान दोन आठवड्यांनी घ्यावी, म्हणजे मधल्या काळातील कोणताही शांत दिवस निवडून नौका यार्डापर्यंत नेता येते.

अखेर ठरविताना ऑगस्टमध्ये कोणत्या गोष्टी लिहून ठेवाव्यात, याविषयी मासिकाची शिफारस स्पष्ट आहे. किनाऱ्यालगतचे पाणी १५ अंशांच्या खाली गेले की मुले, पाहुणे आणि नवशिके यांना घेऊन जाणे थांबवावे. हा आकडा शीतधक्क्याच्या शिखराच्या वरच्या कडेवरून घेतला आहे. तेथून पुढे केवळ अनुभवी, लाइफ जॅकेट घातलेले व दोराने नौकेला जोडलेले, किमान तिघे असतील तरच निघावे. दिवसाच्या लांबीचाही असाच विचार हवा, कारण १ नोव्हेंबरच्या सुमारास शिकागोत दिवस जेमतेम साडेदहा तासांचा उरतो, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी घड्याळे मागे सरकली की सूर्यास्त पावणेसहावरून एकदम पावणेपाचच्या आत येतो. दुपारच्या जेवणानंतर निघण्याची उन्हाळी सवय असणाऱ्याला परतीचा अर्धा प्रवास अंधारात करावा लागतो. या कालबदलाच्या रविवारापलीकडे शौकीन नौका सरोवरात असू नये, असे हे मासिक सुचविते. विम्याची पत्रेही याच वेळी वाचावीत: अनेक अमेरिकी विमापत्रांत हिवाळी विश्रांतीचा काळ नमूद असतो, आणि त्या तारखांत नौका चालविल्यास भरपाई नाकारली जाऊ शकते.

नौका बाहेर काढल्यानंतरच्या कामांपैकी एकाचाच उल्लेख पुरेसा आहे, कारण त्याचा तारखेशी संबंध आहे. पाण्यात उभ्या असलेल्या नौकेला खालच्या पाण्याची ऊब मिळत राहते, पण जमिनीवर आल्यावर ती सर्व बाजूंनी हवेच्या हवाली होते. गोठताना पाणी सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावत असल्याने इंजिनातील राहिलेले पाणी पहिल्याच कडक रात्री ओतीव लोखंडाला तडा देऊ शकते. म्हणून प्रॉपिलिन ग्लायकॉलचे न गोठणारे द्रावण इंजिनातून फिरविण्याचे काम क्रेनवरून उतरल्याच्या दिवशीच झाले पाहिजे, ते पुढच्या सुटीवर टाकू नये.

ज्यांना हिवाळ्यातही शीड उभारण्याची इच्छा आवरत नाही, त्यांच्यासाठी एक मान्य परंपरा उपलब्ध आहे. १९३२ च्या सुरुवातीस न्यूयॉर्कजवळच्या मॅनहॅसेट उपसागरात लहान नौकांच्या हिवाळी शर्यती सुरू झाल्या, आणि ‘फ्रॉस्टबाइट’ शर्यती या नावाने त्या आज अनेक क्लबांत होतात. त्यांचा मार्ग किनाऱ्यालगत आखलेला असतो, चालक ड्रायसूट घालतात, म्हणजे पाणी आत न शिरू देणारा पोशाख, आणि वारा वा तापमान ठराविक मर्यादेबाहेर गेल्यास शर्यत रद्द होते. परंतु त्यांची खरी भिस्त बचाव-नौकेवर असते, जी उलटलेल्या चालकापर्यंत गिस्ब्रेक्टच्या दहा मिनिटांच्या पुष्कळ आत पोहोचते. ज्या क्लबाला अशी नौका आणि ती चालविणारी दोन प्रशिक्षित माणसे प्रत्येक शर्यतीच्या दिवशी पाण्यावर ठेवता येत नसतील, त्याने हिवाळी शर्यतींचे वेळापत्रक जाहीर करू नये, आणि सदस्यांनीही अशा क्लबाकडे त्यासाठी आग्रह धरू नये.