सामान्य माणूस म्हणे! कुणाचा?

हुतात्मा स्मृती मंदिरात विनोदी नाटक लागलं की जाहिरात ठरलेली : तुमच्या-आमच्या सामान्य माणसाची गोष्ट. मी विचारतो, तुमच्या की आमच्या? आधी ते ठरवा. मग हसू.

हा सामान्य माणूस आपल्या ओळखीचा आहे. पु. ल. देशपांड्यांच्या 'असा मी असामी'त (१९६४) तो धोंडो भिकाजी कडमडे-जोशी होता, मुंबईतला कारकून. पुढं तो उपनगरातल्या फ्लॅटात गेला. २०१५ साली 'साखर खाल्लेला माणूस'मध्ये त्याला मधुमेह झाला. पन्नास वर्षांत रक्तातली साखर वाढली. पण आडनाव ऐकून त्याच्या तोंडावर कुणी दार लावलं नाही.

विनोदाशी माझं भांडण नाही. पु.लं.चा विनोद कसदार, कबूल. भांडण 'सामान्य' या शब्दाशी आहे. ज्याला जात कुणी विचारत नाही तो सामान्य. ज्याला विचारतात त्याचं मात्र 'दाहक चित्रण'! त्यांचं ते नाटक, आपलं ते 'दलित नाटक'. त्यांनी हसवायचं, आपण रडवायचं. ही वाटणी कुणी केली? चातुर्वर्ण्य असंच रंगमंचावर चढतं, चपला बाहेर काढून, आवाज न करता.

आता आपला सामान्य माणूस बघा. आजा गिरणीत राबला, आई विड्या वळायची, पोरगा शिकून नोकरीला लागला आणि जुळे सोलापुरात भाड्याचं घर बघाय लागला. मीच गेलतो. मालक गोड बोलला. चहा दिला. आडनाव विचारलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्याला काय उलगडंना.
"म्हणजे तुम्ही नेमके कोण?"
"भाडेकरू."
त्याला हसू आलं नाही. भिंतीवर फोटो कुणाकुणाचे लावणार, हेही त्यानं विचारलं. म्हटलं, "तुमचा लावू काय?" घर गेलं. पण सांगा, तीन अंकी फार्साचा मसाला आहे की नाही हा?

आणि हसवणं आपल्याला नवं आहे व्हय? दादू इंदुरीकरांच्या 'गाढवाचं लग्न'मधला सावळ्या कुंभार कोण होता? सामान्यच की! भीमराव कर्डकांच्या जलशानं १९३० च्या दशकात तमाशाचा बाज उचलला आणि बाबासाहेबांचा विचार हसत-गात गावोगाव नेला. २०१२ साली 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आलं. राजकुमार तांगडे यांनी लिहिलं, जालन्याकडच्या शेतकरी पोरांनी केलं. यम पृथ्वीवर उतरतो आणि प्रेक्षागृह हसून-हसून विचारात पडतं. म्हणजे हत्यार घरातच आहे. गंजू दिलं ते आपण.

धोका वेगळाच आहे, दोस्तहो. आपल्यातले फ्लॅटवाले आता पुढच्या रांगेत बसून त्या कडमडे-जोशीत स्वतःला बघतात. नाटक संपलं की घरी जातात आणि दारावरच्या पाटीवर आडनाव लिहावं की नाही, याचा विचार करतात. प्रस्थापितांनी मारलं तर आपण उठतो. हसवलं तर विरघळतो.

म्हणून येत्या १४ एप्रिलला वस्तीत भाषणं दोन कमी ठेवा. एक एकांकिका बसवा. पात्रं तीन : भाडेकरू, मालक, आडनाव. पुण्या-मुंबईच्या निर्मात्याची वाट बघू नका. सतरंजी आपली, बत्ती आपली, बोली आपली. घरमालकालाही बोलवा. पुढं बसवा. बघू, हसतो काय ते.